पारसिकवरून उत्तरेकडे जाणाऱ्या घारी मोजायच्या का? सोबत हवी आहे

बेलापूरची_गच्ची | १२ मार्च, रात्री ९:४०

गेल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पापड वाळत घालायला गच्चीवर गेले होते. समोर पारसिकचा डोंगर. जुन्या खाणीचा उघडा कडा आहे तिथे घारी गोल गोल फिरत वर चढत होत्या. बेलापुरात घारी काही नवीन नाहीत, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. पण मग दिसलं की वर पोचलेली घार पंख जरा आखडून घेते आणि एकही फडफड न करता सरळ उत्तरेला, ठाण्याच्या बाजूला निघते. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. वीस मिनिटांत सतरा मोजल्या आणि त्यातली एकही परत फिरली नाही. पापड तसेच परातीत राहिले.

सोमवारी आणि मंगळवारी ऑफिसला जाण्यापूर्वी दहा-दहा मिनिटं पाहिलं, तर काहीच नाही. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. थंडीत आलेले पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परत जातात हे शाळेत शिकलो. पण आपल्या डोक्यावरून कोण जातं, किती वाजता आणि कुठल्या वाऱ्यावर, हे एका जागी बसून कुणी लिहून ठेवतं का? मला यंदा मेपर्यंत दर रविवारी सकाळी तीन-चार तास बसायचं आहे. जागा पारसिकची टेकडी घ्यावी की ठाण्याचं येऊरचं जंगल? आणि मोजायचं नेमकं कसं? माझ्याकडे ८×४२ ची दुर्बीण आहे, वही आहे. अनुभव नाही.

हळद्या | १२ मार्च, रात्री १०:०५

मी येतो. नेरुळला राहतो. गाडी आहे.

कुरव | १२ मार्च, रात्री १०:५१

ताई, उत्साह मोडायचा नाही, पण स्पष्ट सांगतो. नवी मुंबईत घारी मोजणं म्हणजे तुर्भ्याच्या कचऱ्यावर जेवायला निघालेली मंडळी मोजणं. सकाळी रात्रथाऱ्यावरून निघतात, दिवसभर खातात, संध्याकाळी परततात. तुम्हाला परत येताना दिसल्या नाहीत, कारण तुम्ही वीस मिनिटांत खाली गेलात.

खरं मोजण्यासारखं आपल्याकडे आहे ते खाडीत. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. रोहित पक्ष्यांची संख्या इथे लाखाच्या वर जाते. शिवाय मार्चअखेर ते एप्रिलमध्ये चिखल्या आणि तुतवार विणीच्या रंगात येतात. हिवाळाभर राखाडी दिसलेला पाणटिवळा मानेपासून छातीपर्यंत विटकरी होतो आणि एका आठवड्यात सगळा थवा नाहीसा होतो. हे सोडून टेकडीवर उन्हात का तापायचं?

निवृत्त_मास्तर | १३ मार्च, सकाळी ६:१५

कुरव यांची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर मोजण्याच्या पद्धतीतच आहे. मी सदतीस वर्षं गणित शिकवलं, पक्षी त्याहून जास्त वर्षं पाहतो आहे. पद्धत सांगतो.

पक्षी भोवऱ्यात फिरत असताना मोजू नये. एकच घार चारदा समोरून जाते आणि आपण चार लिहितो. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. त्याच्या माथ्यावर पोचून पक्षी जेव्हा एकामागून एक घसरत बाहेर पडतात, तेव्हाच मोजावं. त्या वेळी ते माळेतल्या मण्यांसारखे ओळीत असतात.

दुसरं, समोर एक मनातली रेषा ठरवावी. उदाहरणार्थ, विजेच्या मनोऱ्यापासून अमुक इमारतीच्या टाकीपर्यंत. ती ओलांडून उत्तरेला दिसेनासा झाला तो अधिक एक. तीच रेषा ओलांडून दक्षिणेला आला तो उणे एक. दर तासाची वजाबाकी वेगळी मांडावी. कचऱ्यावर जाणाऱ्या घारी दिवसभरात आपोआप शून्यावर येतील आणि खरोखर गाव सोडून चाललेल्या उरतील.

तिसरं, दर तासाला वारा, ढग आणि किती लांबचं स्वच्छ दिसतं आहे ते लिहावं. निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी हरवतो, पांढऱ्या ढगाखाली तोच ठळक दिसतो. हे लिहिलं नाही तर कमी आकडा पक्ष्यांमुळे आला की आकाशामुळे, ते पुढच्या वर्षी कळणार नाही.

आणि शून्य आलं तर शून्य लिहावं. रकाना मोकळा सोडू नये. मोकळा रकाना म्हणजे आपण बसलो नव्हतो, शून्य म्हणजे आपण बसलो होतो आणि पक्षी गेला नाही.

घारीची_शेपूट | १३ मार्च, सकाळी ११:२०

मास्तर, शेवटचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवं.

कुरवदादा, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट राहिली. आपल्याकडे हिवाळ्यात दोन प्रकारच्या घारी एकत्र असतात. एक बारमाही, इथेच घरटी करणारी. दुसरी काळ्या कानाची घार, उत्तरेकडून थंडीपुरती येणारी. अंगाने थोराड, डोळ्यामागे गडद पट्टा, पोटाचा शेपटीकडचा भाग फिकट आणि उडताना पंखाखाली टोकाकडे मोठा पांढुरका डाग. चोचीच्या मुळाशी बारमाही घारीला पिवळं असतं, हिला निळसर-राखाडी. ते एवढ्या लांबून दिसणार नाही, पण पंखाखालचा डाग दिसतो.

दिल्लीत अशा घारींना उपग्रह टॅग लावले तेव्हा त्या हिमालयाची रांग ओलांडून कझाकस्तान, रशिया, मंगोलियाच्या बाजूला गेल्या. तीन हजारांहून जास्त किलोमीटर. म्हणजे आपण ज्या पक्ष्याकडे मान वर करून बघतही नाही, तोच या शहरातला मोठा प्रवासी आहे. गच्चीवरून पंख आखडून ओळीने निघालेल्या सतरा, त्याही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात? माझं मत ताईंच्या बाजूने.

मुंब्रादेवीची_पायरी | १३ मार्च, दुपारी १:३३

पारसिक म्हणजे कुठला पारसिक? आमचा पारसिक मुंब्र्याला. १९१६ चा रेल्वे बोगदा आहे तो. तिथून बेलापूर कसं दिसेल?

हळद्या | १३ मार्च, दुपारी १:५०

रांग एकच आहे हो. मुंब्र्यापासून सुरू होते ती थेट बेलापूरपर्यंत येते. सिडकोच्या लोकांना पारसिक म्हटलं की बेलापूरची टेकडी आठवते, कळव्याच्या लोकांना बोगदा.

मुंब्रादेवीची_पायरी | १३ मार्च, दुपारी २:१५

मग तर उत्तमच! बेलापूरहून निघालेली घार रांगेच्या कडेकडेने आमच्याकडेच येणार. देवीच्या पायऱ्यांवर मी बसतो. तुम्ही निघाल्या की फोन करा, मी पोचल्या की कळवतो. बोगद्यातल्या लोकलसारखं.

निवृत्त_मास्तर | १३ मार्च, दुपारी ४:०२

कल्पना चांगली आहे. फक्त फोन करू नका. फोन आला की माणूस वाट बघतो आणि वाट बघणाऱ्याला दिसतंच. दोघांनी स्वतंत्र लिहावं, घड्याळं जुळवून, आणि संध्याकाळी ताळा करावा.

रॉचेस्टरवासी | १४ मार्च, पहाटे ४:४८

मूळचा ठाणे पश्चिम, नौपाड्याचा. गेली अकरा वर्षं न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला आहे. हा धागा बघून राहवलं नाही, कारण इथे आमचा वसंत याच कामात जातो.

आमच्याकडे ओंटारिओ सरोवराच्या दक्षिण काठावर ब्रॅडक बे नावाची जागा आहे. उत्तरेला निघालेले बाज, गरुड आणि गिधाडं या सरोवरापाशी येतात आणि थबकतात. मोठ्या पाण्यावर ऊन हवा वर चढत नाही. तिथे सतत पंख मारावे लागतात आणि ते त्यांना परवडत नाही. म्हणून काठ धरून वळतात आणि आमच्या लाकडी मचाणावरून जातात. दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला की घरी कुणी थांबत नाही. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत रुंद पंखांचे बाज येतात. चांगल्या दिवशी हजारोंनी. वारा उत्तरेचा झाला की त्याच मचाणावर आम्ही थर्मासमधला चहा घेत कुडकुडत बसतो आणि दिवसभरात चार पक्षी जातात. तेही लिहितो.

‘मोजून काय होतं’ हा प्रश्न इथेही नवे लोक विचारतात. त्यांना हॉक माउंटनची हकिकत सांगतात. पेनसिल्व्हेनियात एका डोंगरकड्यावर लोक जमून जाणारे बाज बंदुकीने पाडायचे, गंमत म्हणून. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला आणि मॉरिस ब्राऊन यांना राखणीला बसवलं. राखण करता करता त्यांनी मोजायला सुरुवात केली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाचा काळ आला. गरुड तर जात होते, पण त्यांत त्या वर्षीची पिल्लं कमी कमी होत गेली. अंडी उबत नव्हती. ते त्या वह्यांमधून दिसलं, कारण डीडीटी यायच्या आधीचे आकडे तिथे होते. बिघाड झाल्यावर मोजायला बसलं तर आधी काय होतं ते कुठून आणणार?

ताई, बसाच.

कुरव | १४ मार्च, सकाळी ९:३०

हकिकत मनापासून आवडली. पण तुमच्याकडे सरोवर आहे, म्हणून पक्षी एका काठावर गोळा होतात. आपल्याकडे उत्तरेला अडवणारं पाणी नाही. पक्षी रुंद आघाडीने, मिळेल तसे जातात. हिमाचलात धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी स्टेप गरुड डोंगर धरून जातात ते वेगळं, तिथे भिंतच आहे. बेलापुरात चार तासांत काय पदरात पडेल?

घारीची_शेपूट | १४ मार्च, सकाळी १०:१०

अडवणारं पाणी उत्तरेला नाही, पश्चिमेला आहे. एका बाजूला समुद्र, मध्ये खाडी आणि तिवरं, मग ही उघडी खडकाळ रांग. ओल्या चिखलावर हवा तापत नाही, खाणीच्या कड्यावर नऊ वाजताच तापते. घारीला जिना कुठे आहे ते कळतं. नदीसारखा प्रवाह मिळणार नाही हे मान्य. पण ओहोळ असेल तर तो याच बाजूला असणार.

सारसोळ्याचा | १४ मार्च, रात्री ८:२२

आमचं घर सारसोळे कोळीवाड्यात. पक्ष्यांची पुस्तकी नावं मला कमी येतात, पण पाण्याचं सांगतो.

कुरवभाऊ खाडीत मोजायचं म्हणतात. त्यासाठी तारीख बघून चालत नाही, तिथी बघावी लागते. तिथीला पाऊण पटीने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. आत ठाण्याच्या बाजूला पाणी थोडं उशिरा पोचतं. सुकती, म्हणजे ओहोटी असली की सगळी पाखरं आत चिखलावर लांब पांगतात, काठावरून मोजताच येत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चिखल गिळतं आणि ती उठून तळ्यांवर, मिठागरांवर येतात. माझा आजा म्हणायचा, “पानी आयलं का पाखरा काठाव येतान.” तेव्हा मोजा.

आजाच्या काळात रोहित इथे एवढे नव्हते. माझ्या वडिलांनी ते १९९० नंतर वाढताना पाहिले. त्याच काळात जाळ्यात येणारी मासळी कमी होत गेली. पाखरं वाढली म्हणून सगळे खूश आहेत, मीही आहे. पण मोजणारे आलात तर आमच्या जाळ्यातलंही कधीतरी मोजा, एवढं मनात येतं.

कुरव | १४ मार्च, रात्री ९:०५

दादा, तिथीचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. आजवर मोबाइलवर भरतीचा तक्ता बघत होतो. आणि जाळ्याचं म्हणाल तर, पुढच्या उधाणाला मी तुमच्याकडे येतो. तुम्ही सांगा, मी लिहितो. नियमितपणे लिहू.

रानफूल_येऊर | १५ मार्च, दुपारी १२:४०

येऊरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी तिथे वरचेवर जाते. झाडी दाट आहे, आकाशाचा तुकडाच दिसतो. तुरेवाला सर्पगरुड ओरडतो तेव्हा मान वर करेपर्यंत तो झाडामागे गेलेला असतो. मोजणीला उघडी जागा हवी, तेव्हा पारसिकच घ्या.

पण सध्या येऊरला काटेसावर आणि पांगारा फुलला आहे. त्यावर भोरड्या अक्षरशः लटकलेल्या असतात, तोंडं परागाने पिवळी. एप्रिल उलटता उलटता त्या मध्य आशियाकडे निघतात. माझी आई सांगते, लहानपणी ज्वारी राखायला मचाणावर बसायचे तेव्हा भोरड्या आल्या की गोफण आणि डबे वाजवणं. ती आजही भोरड्यांचा थवा बघून आधी ‘हुर्र’ करते, मग हसते. आता गावाकडे ज्वारी कमी आणि ठाण्यात गोफणही नाही. त्यांना रविवारच्या वहीत एक ओळ द्या.

हळद्या | १५ मार्च, दुपारी १:१५

वहीत भिंगऱ्यांनाही जागा हवी. तारांवर बसलेल्या भिंगऱ्या एका सकाळी असतात, दुसऱ्या सकाळी तार रिकामी.

नवी_दुर्बीण | १५ मार्च, संध्याकाळी ७:५८

मला गर्दी मोजता येत नाही. पन्नासच्या पुढे गेलं की गोंधळ होतो. काय करावं? आणि आता विमानतळ सुरू झालाय, टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलं तर कुणी हटकेल का?

निवृत्त_मास्तर | १५ मार्च, रात्री ८:३०

आधी नेमके दहा मोजा. ते दहा आकाशात किती जागा घेतात ते डोळ्यात भरा. मग तेवढ्याच जागेची चौकट थव्यावर सरकवत जा. रोहितांसाठी हीच चौकट शंभरांची करावी. सरावाला घरी ताटात मूठभर तांदूळ टाका, अंदाज सांगा, मग मोजा. आठवड्यात हात बसतो. बहुतेक लोक कमी सांगतात, जास्त नाही.

विमानतळाचं म्हणाल तर दुर्बीण पक्ष्यांवर ठेवा, ड्रोन अजिबात उडवू नका आणि कुणी विचारलं तर वही दाखवा. वही पाहिली की माणसं दोन मिनिटं थांबून तीही वर बघतात. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित एका रात्रीत मेले. पक्षी कुठल्या वेळी, कुठल्या उंचीवरून जातात हे लिहून ठेवणं विमानवाल्यांच्याही कामाचं आहे.

घारीची_शेपूट | १६ मार्च, सकाळी ७:४५

मेपर्यंत बसणार असाल तर शेवटचे दोन आठवडे चुकवू नका. अमूर ससाणे. नोव्हेंबरमध्ये ते नागालँडकडून येऊन आपल्या वरून अरबी समुद्र ओलांडतात आणि आफ्रिका गाठतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. नागालँडमध्ये दोयांगला त्यांची जाळी लावून शिकार व्हायची. २०१२ मध्ये तो प्रकार देशाला कळला आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी स्वतः ती थांबवली. २०१३ मध्ये तिथे तिघांना टॅग लावले. नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. परतीच्या वाटेवर टॅगवाल्यांनी एप्रिल-मेमध्ये समुद्रावरून भारताचा पश्चिम किनारा गाठलेला दिसला. कबुतरापेक्षा लहान पक्षी, रात्रंदिवस पाण्यावरून. त्यांना थर्मलची गरज नाही, ते पंख मारत येतात. पश्चिमेचा वारा अंगावर आला की दुर्बीण खाडीकडे फिरवायची.

बेलापूरची_गच्ची | १६ मार्च, रात्री १०:१२

सगळ्यांचे आभार. ठरवलं. पाडव्यानंतरचा पहिला रविवार, २२ मार्च. साडेआठ ते साडेबारा. जागा पारसिकची. रेषा मास्तर म्हणतात तशी. प्रत्येकाने दोन लिटर पाणी, टोपी आणि मानेवर ओला रुमाल.

बेलापूरची_गच्ची | २२ मार्च, संध्याकाळी ६:२०

आजचा हिशोब. आम्ही चौघं होतो: मी, हळद्या, नवी_दुर्बीण आणि त्यांची नऊ वर्षांची लेक.

साडेआठ ते साडेनऊ: शून्य. घारी होत्या, पण सगळ्या खाली, झाडांवर पंख पसरून. वारा नव्हता. खाडीवर धुरकट.

साडेनऊ ते साडेदहा: उत्तरेला सहा, दक्षिणेला दोन. म्हणजे चार.

साडेदहा ते साडेअकरा: हा तास मी विसरणार नाही. पावणेअकराला कड्यावर एकेक घार जमू लागली. आम्ही मोजलं नाही, फक्त पाहिलं. खूप वर गेल्यावर छोट्या पांढऱ्या ढगाखाली त्या एकदम ठळक झाल्या. मग पहिली घसरली, आणि पाठोपाठ सगळ्या. कुणी बोललं नाही. हळद्या बोटांवर मोजत होते, मी ओठांत पुटपुटत होते. एकतीस. परत आलेली एकही नाही. घारीची_शेपूट यांनी सांगितलेला पांढुरका डाग निदान अठरांवर मला स्पष्ट दिसला. त्यांच्या खालून एक दलदल भोवत्या एकटाच, पंख उंच इंग्रजी व्हीसारखे धरून, खाडीवरून वर गेला. तो पहिल्यांदा त्या मुलीने पाहिला. आम्ही तिघंही वर बघत होतो, तिने समोर पाहिलं.

साडेअकरा ते साडेबारा: पाच. बाराच्या सुमारास खाडीवरून गार वारा आला आणि घारी पूर्वेला, खारघरच्या डोंगराकडे सरकल्या. तिथल्या टिपता आल्या नाहीत. एक मोठा गरुड गेला, बोटांसारखी पिसं दिसली, जात ओळखता आली नाही.

एकूण चाळीस घारी, एक भोवत्या, एक अनोळखी गरुड, साठेक भिंगऱ्या. भोरड्या नाहीत.

मुंब्रादेवीची_पायरी | २२ मार्च, संध्याकाळी ६:५५

मी तुमचा प्रतिसाद यायच्या आधीच वहीचं पान मास्तरांना पाठवलं होतं, म्हणजे शंका नको. माझ्याकडे सव्वाअकरा ते पावणेबारा या वेळात चोवीस. फार उंच होत्या. त्या आधीच्या दोन तासांत फक्त तीन.

निवृत्त_मास्तर | २२ मार्च, रात्री ७:३०

पान पाच वाजता मिळालं, साक्ष देतो. एकतीसपैकी चोवीस त्याच असतील असं आज म्हणू नये. वेळेचं अंतर जुळतं, एवढंच लिहावं. असे सहा रविवार जुळले तर म्हणता येईल. अनोळखी गरुड हा वहीतला कायमचा रकाना करा. ओळखीसाठी ओढाताण करून चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा तो बरा.

त्या मुलीला माझ्याकडची जुनी ७×३५ ची दुर्बीण द्यायची आहे. हलकी आहे, तिच्या हाताला बसेल.

रॉचेस्टरवासी | २२ मार्च, रात्री ९:१०

आमच्याकडे आज बर्फ. मचाणावर आमचे मोजणीदार साडेतीन तास बसले, दोन पक्षी. तुमचे चाळीस वाचून त्यांना सांगितलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

कुरव | २२ मार्च, रात्री ९:४४

माझं म्हणणं अजून पूर्ण सुटलेलं नाही. एका दिवसावर काही ठरत नाही. पण परत न आलेल्या एकतीस घारी कचऱ्यावर गेल्या नाहीत, हे मान्य करतो.

पुढच्या रविवारी एकादशी आहे, म्हणजे सव्वाआठच्या आसपास भरती. सारसोळ्याच्या दादांसोबत मी सात ते साडेनऊ काठावर चिखल्या आणि पाणटिवळे मोजतो. त्यांनी होडीवरचं आजचं जाळंही लिहून पाठवलं आहे, पहिलं पान झालं. दहाला मी टेकडीवर येतो. कुठून चढायचं?

बेलापूरची_गच्ची | २२ मार्च, रात्री ९:५२

पायथ्याच्या मंदिरापाशी थांबा, हळद्या खाली घ्यायला येतील. टोपी विसरू नका. पापड झालेत, घेऊन येते.